मदत हवी आहे: मी 4,500 फुटांवर, ॲपमधलं विमान अजून हँगरसमोरच!

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. कमर्शियल पायलट लायसन्सचं ट्रेनिंग चालू आहे. 200 पैकी 110 तास झालेत. सुट्टीला घरी आलेय, तेवढ्यात टॅबलेटचा घोळ निस्तरायचाय.

मागच्या सोलो क्रॉस कंट्रीला (एकटीने करायचं लांबचं उड्डाण) कराडवरून रूट होता. मांडीला पट्ट्याने टॅबलेट बांधलेला. उड्डाण केलं, वर गेले, तरी नकाशावरचं विमान जागचं हलेना. नंतर कळलं की माझ्या फक्त वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएसच नाही. सेकंडहँड देताना दुकानदार म्हणाला होता, "सगळं चालतं." पुढे ऊन थेट काचेतून मांडीवर आलं, तापल्याची सूचना झळकली आणि स्क्रीन काळी.

मग कागदी लॉग आणि घड्याळ. आधीच्या चेकपॉइंटपासून (वाटेवरची ठरलेली खूण) कराडचा प्रीतिसंगम 18 नॉटिकल मैल, 90 नॉटने (तासाला 90 नॉटिकल मैल) 12 मिनिटं. बाराव्या मिनिटाला खाली नुसता ऊस. घशाला कोरड पडली. चौदाव्या मिनिटाला कृष्णा-कोयना समोरासमोर भिडून पूर्वेला वळताना दिसल्या आणि जिवात जीव आला. म्हणजे वेग 90 नव्हे, 77 होता, वारा तोंडावर.

तर मला हवं ते एवढंच: चेकपॉइंटची खरी वेळ टाकली की पुढच्या वेळा आणि इंधन लगेच बदलून मिळावं. नेट नसताना नकाशा उघडावा. आकडे मोठे हवेत, कारण दुपारी विमान इतकं उसळतं की बोट भलत्याच बटनावर पडतं. लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळाची हद्द ठळक दिसावी. एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) आणि एडीसी (एअर डिफेन्स क्लिअरन्स) हे उड्डाणाच्या परवानगीचे नंबर लिहायला जागा असावी. परदेशी ॲपना ही भानगड माहीतच नसते. आणि घनता-उंची (गरम, विरळ हवेमुळे विमानाला जणू जेवढ्या उंचीवर असल्यासारखं वाटतं ती) त्यानेच काढावी. 2,000 फुटांवरच्या धावपट्टीवर 38 अंश असले की ती 5,200 च्या घरात जाते, मग धावपट्टी एकदम आखूड वाटायला लागते. उड्डाणाचे फोटो शेअर करायची सोय मात्र नको, देवा.

असं ॲप कुणी वापरतं का? फोरफ्लाइट हे वैमानिकांचं नकाशा-ॲप अँड्रॉइडवर नाही, म्हणून नवा टॅबलेट घेण्याआधी विचारतेय.

कृष्णाकाठ: अगं, टॅबलेट बदलू नकोस, ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर जोड. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, नकाशा तेवढा आधी उतरवून ठेव. कव्हर काढ, उजेड कमी कर, चार्जिंगला लावून उडू नकोस, हवेच्या झोतापाशी बसव. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) मात्र निघण्याआधी अधिकृत ब्रीफिंगमधूनच बघायचे, ॲपच्या भरवशावर नाही.

पंखवाला: गार्मिन पायलट हे तसलंच ॲप अँड्रॉइडवरही आहे. पण ताई, आपल्याकडच्या लहान धावपट्ट्यांची माहिती त्यात कितपत आहे ते पैसे भरण्याआधी तपासा. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीचं ई-एआयपी (विमानतळांची अधिकृत ऑनलाइन माहिती) फुकट आहे, त्याच्याशी ताडून बघा.

धागाकर्ती: धन्यवाद काका, दादा. दुकानदार परत घ्यायला बिल मागतोय. बिल दिलं होतं कुठे त्याने! सांगली-मिरजेत कुणाकडे जुना रिसीव्हर पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी परत जायचंय.