शब्दचर्चा : करंट तारेतून, दाब दोन टोकांमध्ये

विचारणा (नववी-दहावीची शिकवणी घेते, पूर्व भाग, सोलापूर)

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, बाकी मराठी. वीज गेली की मराठी घरातलं पोर म्हणतं ‘लाईट गेली’, तेलुगू घरातलं म्हणतं ‘करंट पोयिंदी’. शॉक बसला तर सगळ्यांचाच ‘करंट बसला’. टेस्टर लावताना ‘करंट आहे का बघ’. आता मी फळ्यावर ‘विद्युतधारा म्हणजे करंट’ असं लिहिलं, तर यातला नेमका कुठला करंट पोरांनी धरायचा? चाचणीत एकीने लिहिलंय, ‘तारेतून २३० व्होल्ट करंट वाहतो.’ मार्क कापले, पण नुसते कापून भागत नाही. शिवाय ‘विभवांतर’ (व्होल्टेज) त्यांच्या जिभेवर बसत नाही. वर्तमानपत्रात येतो तसा ‘दाब’ वापरला तर चालेल का?

निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर

ताई, त्या मुलीचं वाक्य फळ्यावर लिहा आणि फक्त ‘तारेतून’वर बोट ठेवा. धारा कशा‘तून’ तरी जाते: तारेतून, बल्बमधून, मोटरमधून. विभवांतर कशाच्या तरी ‘दोन टोकांमध्ये’ असतं. ‘तारेतून २३० व्होल्ट’ हे कानाला खटकायला लागलं की अर्धं काम झालं. क्रियापदंही वेगळी आहेत. धारा वाहते. विभवांतर वाहत नाही, ते असतं, किंवा आपण ते लावतो.

हे नुसतं व्याकरण नव्हे, व्याख्याच तशी आहे. एखाद्या जागेतून दर सेकंदाला किती प्रभार (चार्ज) पलीकडे गेला, ती धारा. सेकंदाला एक कूलोम गेला तर एक अँपिअर, म्हणजे सुमारे ६.२५ × १०<sup>१८</sup> इलेक्ट्रॉन. एवढं मोजायला एकच जागा पुरते. विभवांतर म्हणजे एक कूलोम प्रभार इथून तिथे न्यायला लागणारं कार्य. एक जूल लागलं तर एक व्होल्ट. ‘इथून’ आणि ‘तिथे’ हे दोन्ही हवेतच. म्हणूनच अमीटर परिपथात एकसर (सिरीजमध्ये) जोडतात आणि व्होल्टमीटर दोन टोकांना समांतर. विभक्ती पक्की असलेल्या मुलाला ही जोडणी पाठ करावी लागत नाही.

‘विभवांतर’ जड वाटतो तो ‘अंतर’मुळे. पोरांना लगेच मीटरपट्टी आठवते. इथे अंतर म्हणजे फरक, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. ‘दाब’ समजवायला खुशाल वापरा, महावितरणही उच्चदाब-लघुदाब असंच लिहितं. पण पास्कलमध्ये मोजतात तो दाबही त्याच पोरांना शिकायचा असतो, तेव्हा उत्तरपत्रिकेत विभवांतरच हवं.

वायरिंगची कामं करतो, अक्कलकोट रोड

टेस्टरचं मी सांगतो की. आम्ही ‘करंट हाय का बघ’ म्हणतो ते सवयीनं. टेस्टरातला निऑनचा दिवा पेटतो तो फेज (वीज आणणारी तार) आणि जमीन यांच्यातल्या दाबामुळं. आत रोध (रेझिस्टन्स) इतका मोठा बसवलेला असतो, की आपल्या अंगातून जाणारा करंट कळतसुद्धा नाही.

खरी फसगत न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर होते. शेगडी चालू असताना न्यूट्रलला टेस्टर लावला तर पेटत नाही. बघणारा म्हणतो, न्यूट्रलला करंट नाही. आता क्लॅम्प मीटर घ्या. १००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते. फेजच्या तारेला मीटरचा चिमटा घाला, ४.३. न्यूट्रलला घाला, तेवढेच. दोन्ही तारा एकदम चिमट्यात घ्या, शून्य! मीटर तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, आणि दोन तारांतला करंट उलट्या दिशांचा असल्यानं दोन्ही क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात.

न्यूट्रल मधेच तुटली तर सगळं उलटं. दिवा बंद, करंट शून्य, आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर पेटतो. नवीन पोरगं इथं हमखास चक्रावतं. पण ताई, हे वर्गात तोंडीच सांगा. पोरांना घरच्या बोर्डात हात घालू देऊ नका.

विचारणाऱ्या ताई

दादा, हा न्यूट्रलचा दाखला उद्याच सांगते. पण मग पुस्तकातली ‘वीजयुक्त तार’ (फेज) आणि ‘तटस्थ तार’ (न्यूट्रल) ही नावं चुकीचीच नाहीत का? वीज दोघींतूनही जातेय.

निवृत्त विज्ञान शिक्षक

चुकीची नाहीत, फसवी आहेत. ती नावं जमिनीच्या तुलनेतल्या विभवावरून पडलीत, धारेवरून नाही. मला स्वतःला बातम्यांतली ‘जिवंत तार’ जास्त आवडते, निदान पोरं लांब राहतात.

यापेक्षा ‘भार’चा घोळ मोठा आहे. जुन्या लिखाणात ‘विद्युतभार’ म्हणजे आपला प्रभार. भारनियमनातला भार म्हणजे लोड. लाईट बिलावरचा ‘मंजूर भार’ किलोवॉटमध्ये, म्हणजे शक्ती. त्याच बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असतो, तो आकार म्हणजे पैसे. बिल वर्गात नेऊन एकेका ओळीचं एकक विचारावं. युनिट ही ऊर्जा, एक किलोवॉट-तास, छत्तीस लाख जूल. पोरांना पाठ असतं, बिलावर दाखवता येत नाही.

अभियांत्रिकीला आहे, विजापूर रोड

दाब आणि धारा वेगळ्या कशाला शिकायच्या, याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. फताटेवाडीजवळच्या एनटीपीसी प्रकल्पात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) देशाच्या बाकी ग्रिडशी एका वारंवारतेवर जोडलं गेलं. एवढा अतिउच्चदाब कशाला? तीच शक्ती ४०० ऐवजी ७६५ किलोव्होल्टवर पाठवली तर धारा जवळजवळ निम्मी लागते. तारेतली उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून, म्हणून तेवढ्याच रोधाच्या तारेत ती जेमतेम पावपट होते. मुलं हा उष्णतेचा जूलचा नियम आणि ‘उच्चदाब’ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात.

विचारणाऱ्या ताई

एक राहिलंच. विद्युत चलित्र (मोटर) शिकवताना दुभंगलेली कडी आणि कार्बन ब्रश सांगते. एका मुलाच्या घरी यंत्रमाग आहेत. तो म्हणतो, मागाच्या मोटरीत ब्रशच नाहीत.

वायरिंगची कामं करतो, अक्कलकोट रोड

बरोबर बोलतोय पोरगा. मागावर बहुतेक इंडक्शन मोटर असते. बाहेरच्या वेटोळ्यांना थ्री फेज दिला की आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फिरणाऱ्या भागात ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात, त्यांना बाहेरून एकही तार जोडलेली नसते. त्यांच्यात करंट आपोआप उठतो.

निवृत्त विज्ञान शिक्षक

आणि हा ‘आपोआप’ म्हणजेच फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धारा उठणं. पुस्तकातली मोटर दिष्ट धारेवरची (डीसी) आहे. तिथे वेटोळं अर्ध्या फेऱ्यावर आलं की धारेची दिशा बदलावी लागते, म्हणून कडी दुभंगलेली. मागाच्या मोटरीला प्रत्यावर्ती धारा (एसी) मिळते, तिला कडी लागत नाही. पण कांड्यांवर बल कुठल्या दिशेने, ते मात्र फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमच सांगतो.

वायरिंगची कामं करतो, अक्कलकोट रोड

ताई, त्या पोराला घेऊन जवळच्या मोटर भरायच्या दुकानात जा. ‘मोटर भरणे’ म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवीन घालणे. तिथली तांब्याची तार उघडी दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. तो जळला की वेढे एकमेकांना चिकटतात आणि शॉर्ट होतं. दुकानदाराला जळका तुकडा मागा, देईल.