श्रमदान माणशी, पाणी एकरी : विषमतेने गावाची एकी मोडते का?

माळरान (धागाकर्ता)

2016 साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतील जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली आणि पुढचे काही उन्हाळे दुष्काळी भागातील माणसे टिकाव, खोरी, घमेली घेऊन पहाटे डोंगरउतारावर जाऊ लागली. अशा कामांवर जाताना एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नसे. सलग समतल चर (उतारावरचे पाणी अडवून मुरवणारे, एकाच पातळीतले लांब खड्डे) खणणाऱ्यांत भूमिहीन आणि कोरडवाहू घरांतील बायकांची संख्या मोठी असे, आणि चरांत मुरलेले पाणी मात्र पायथ्याला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्याकडे उतरत असे. "चर आम्ही खणायचे आणि कांदा त्यांनी लावायचा का?" असे एका बाईंनी माझ्यासमोर विचारले, तेव्हा शेजारी उभे असलेले पदाधिकारी दुसऱ्याच विषयावर बोलू लागले. पुढच्या उन्हाळ्यात त्या आल्या नाहीत, आणि गावात बोलले गेले ते एवढेच, की लोकांना आता फुकटाची सवय लागली आहे.

माझे म्हणणे असे की आर्थिक दरी रुंदावली की सामुदायिक काम दोन्ही टोकांकडून सुटत जाते. ज्याच्याकडे खोल बोअर, प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आणि अडीअडचणीला टँकर मागवण्याची ऐपत आहे, त्याला गावाच्या पाण्याची गरज उरत नाही. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला त्या पाण्यात वाटा नसतो. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावपासून पाणी पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच गाठ सोडवली होती. पाणी जमिनीवर नव्हे तर माणसांवर मोजायचे, माणशी अर्ध्या एकराचे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावायचा नाही. एकी टिकवायची असेल तर आधी वाटपाचा नियम बदलावा लागतो, नुसत्या आवाहनाने ती टिकत नाही.

उसाचे_वाढे

निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सार्वजनिक काम उभे राहते ते बहुधा कोणाच्या तरी जास्तीच्या ऐपतीवरच. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 साली हेच मांडले होते : ज्याला लाभाचा मोठा हिस्सा मिळणार असतो, तो इतरांची वाट न पाहता खर्च उचलतो आणि लहानांना त्याचा लाभ आपोआप मिळतो. पाणी पंचायतीचेच उदाहरण घ्या. साळुंखे स्वतः अभियंते आणि उद्योजक होते. उपसा योजनेच्या खर्चात शेतकऱ्यांचा वाटा 20 टक्के, शासनाचे अनुदान 50 टक्के आणि उरलेले 30 टक्के संस्थेचे बिनव्याजी कर्ज, अशी ती रचना होती. ही रक्कम सारख्याच गरीब असलेल्या शंभर कुटुंबांनी कोठून आणली असती? सगळे समान असलेल्या गावात एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसण्यापलीकडे काही घडत नाही, हेही आपण पाहिले आहे. शिवाय पाणी वाढले की गावातच मजुरीचे दिवस वाढतात. त्या बाईंचा लाभ शून्य धरणे हा हिशेब अपुरा आहे.

नीरा_डावा

ऐपतदार माणूस सुरुवात करतो, एवढे खरे. पण नंतर किल्ली कोणाकडे राहते, हा प्रश्न आपण टाळलात. आपले सदस्यनाम पाहता साखर कारखान्यांचेच उदाहरण देणे योग्य ठरेल. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज रे यांनी महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध केला. कागदावर एक सभासद एक मत असले तरी मोठ्या बागायतदारांचे वजन अधिक असते. उसाला दर कमी दिला की कारखान्यात शिल्लक साठते आणि ती कोठे वळवायची हे संचालक मंडळ ठरवते. दर पडल्याचे नुकसान मोठ्यांचेही होते, पण शिल्लक हाती आल्याने त्यांची भरपाई होते, लहानांची होत नाही. सभासदांच्या जमिनींतील तफावत आणि उसाचा दर यांचा संबंध त्यांनी आकडेवारीतून तपासला आहे. म्हणजे विषमतेमुळे संस्था बंद पडतेच असे नाही. ती उत्तम चालते, फक्त कोणासाठी चालते हे बदलते, आणि हा प्रकार मला मोडलेल्या एकीपेक्षाही घातक वाटतो.

पांझराकाठ

दोन्ही बाजू जमिनीच्या आकाराभोवती फिरत आहेत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धत, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यातून सामुदायिक सिंचन, शतकानुशतके चालली, आणि तेथे सगळे शेतकरी सारखे होते असे मुळीच नाही. बंधाऱ्याखालचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरले, तर मोठ्याचेही शेत पडीक राहत असे आणि लहानाचेही. पाणी पाटकरी, म्हणजे त्यासाठी नेमलेला माणूस, देत असे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडून शेतात पाणी घ्यायचे नाही, मग तो कितीही मोठा असो. आजच्या कालव्यावर हेडचा (तोंडाजवळचा) शेतकरी दोनदा भिजवून घेतो आणि टेलच्या (शेवटच्या) शेतात पाणी पोहोचत नाही. तेथे दोघांची जमीन अगदी समान असली तरी सहकार्य होणार नाही. विषमतेपेक्षा तोटा एकत्र सोसण्याची सोय आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

माळरान

@पांझराकाठ, उदाहरण चोख आहे, पण फडात ज्याची जमीनच नाही तो या गणितात कोठे आहे? तोटा एकत्र सोसणारे सगळे खातेदारच आहेत. @उसाचे_वाढे, मजुरी वाढते हे मान्य. पण मजुरी दुसऱ्याच्या पिकावर आणि मर्जीवर अवलंबून असते, पाण्याचा हक्क तसा नसतो. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या पिकांवर बंदी आहे, आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो. हे निर्बंध मुख्यतः ऐपतदाराच्या हातावर आहेत, आणि लहानाचा विश्वास बसण्याचे कारणही तेच असावे. म्हणून माझी सूचना अशी की श्रमदानाचा नारळ फोडण्यापूर्वी ग्रामसभेने बोअरच्या खोलीचा ठराव करावा, आणि पायथ्याच्या विहीरमालकांनी भूमिहीनांच्या श्रमाचे रोख पैसे द्यावेत.

उसाचे_वाढे

ठराव करायला हरकत नाही, पण तो पाळणार कोण? राज्याचा 2009 चा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रांत 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. तरीही रात्री बोअर खणणारी रिगची गाडी शिवारात शिरते तेव्हा तिला अडवायला कोणी जात नाही. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवार होते, नायगावला साळुंखे होते. असा माणूस नसलेल्या गावात तुम्ही विहीरमालकाकडे पहिल्याच दिवशी पैसे मागितले, तर तो ट्रॅक्टर देणार नाही, डिझेल देणार नाही आणि बांधावरून चर नेऊ देणार नाही. मग ठराव दप्तरात राहील आणि चर खणलेच जाणार नाहीत.

नीरा_डावा

बांधावरून चर नेऊ द्यायचा की नाही हे एकटा माणूस ठरवू शकतो, हे आपणच लिहिले आहे. धागाकर्त्यांचा मुद्दा याहून वेगळा कोठे होता?