अनुभव धागा: टॉर्च कुणी धरायची?

मुलींनी विज्ञानात, गणितात, इंजिनीअरिंगमध्ये यावं असं हल्ली सगळेच म्हणतात. म्हणायला काय जातं! म्हणून इथे मतं नकोत, प्रसंग सांगा. कुणी नेमकं काय केलं म्हणून तुम्ही, तुमची मुलगी किंवा विद्यार्थिनी या वाटेला लागली? सुटली असेल तर कशामुळे? तेही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला चौघांची बॅच असायची. दोन मुलगे जोडणी करायचे आणि आम्ही दोघी रीडिंग लिहायचो, अक्षर चांगलं ना आमचं! वर्षभर माझं जर्नल सगळ्यात नीटनेटकं, पण अॅमीटरला, म्हणजे विजेचा प्रवाह मोजायच्या यंत्राला, मी हातसुद्धा लावलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी नव्या बाई आल्या. त्यांचा एकच नियम होता: दर प्रयोगाला कामं बदलायची. पहिल्याच दिवशी मी अॅमीटर समांतर जोडला आणि फ्यूज उडवला. आता ओरडा बसणार म्हणून उभी राहिले, तर बाईंनी नवा फ्यूज तळहातावर ठेवला. "बसव. आणि का उडाला ते सांग." अॅमीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ नसतोच, त्यामुळे समांतर लावला की सगळा प्रवाह त्यातूनच धावतो. परीक्षेत हे मी दोनदा लिहिलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

एका मुलीचा बाबा

तुमचं वाचून चपापलो. आमच्याकडे काही दुरुस्ती निघाली की मुलाच्या हातात पाना आणि मुलीच्या हातात टॉर्च, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ठरवून नव्हे हो, आपोआप. नऊ वर्षांची असताना तिने विचारलं, "मी टॉर्चच धरायची का?" तुला लागेल, असं म्हणणार होतो. पण मुलाला तर दोनदा लागलं होतं, आणि त्याला पट्टी बांधून मीच परत कामाला बसवलं होतं. मग जुनी सायकल तिच्या ताब्यात दिली. तिने ती पार खोलली. जोडल्यावर तीन स्क्रू उरले, तर पुन्हा खोलली. खरं सांगायचं तर मधे पडायची मला फार हुक्की येत होती, जीभ चावून बसलो. आज ती सोळाची आहे आणि तिला इंजिनीअर व्हायचं नाहीये. ठीक आहे. पण नळ गळायला लागला की कुणाची वाट पाहत नाही.

गणित शिकवणारी

वर्गात कधीतरी करून बघा: काही न सांगता मुलांना एक शास्त्रज्ञ काढायला लावा. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये अशा ४,८०७ चित्रांचा अभ्यास मांडला होता. त्यात बाई शास्त्रज्ञ अवघ्या २८ चित्रांत होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या अशा अभ्यासांचा आढावा निघाला. त्यात १९८५ नंतरच्या चित्रांत हे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलेलं दिसलं, म्हणजे फरक पडतो. मला टोचली ती दुसरी गोष्ट: अगदी लहान मुलं बाई आणि बुवा साधारण सारखेच काढतात, पण वय वाढतं तशी बाई कमी होत जाते. माझ्या वर्गातही तेच निघालं.

पालकसभेत आया मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणतात, "मलाही गणित नाही जमायचं, तिचंही तसंच." मायेने म्हणतात, पण मुलीला आयती पळवाट मिळते. मी त्यांना इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानीची गोष्ट सांगते. शाळेत एका वर्षी तिच्या गणिताच्या शिक्षिकेला ती काही विशेष वाटली नाही, आणि तिचा गणितातला रसच गेला. पुढच्या वर्षी चांगले शिक्षक मिळाले आणि गाडी रुळावर आली. २०१४ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. मधलं एक वर्ष तेवढं कुणी बिघडवू नये, इतकंच मागणं.

साइट इंजिनीअर

थोडक्यात लिहिते. नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळालेल्या सेफ्टी शूजमध्ये सगळ्यात लहान माप आठ होतं. तीन-तीन मोजे घालून शिडी चढायचे. साइटवर बायकांसाठी संडास नाही, म्हणून दिवसभर पाणी टाळायचे. शेवटी लघवीचा संसर्ग झाला. वर साहेब म्हणाले, "मुली टिकत नाहीत." पुढे माझ्या हाताखाली साइट आली तेव्हा पहिली मागणी बुटांची आणि संडासाची नोंदवली.

पीएचडी करणारी, भौतिकशास्त्र

मी चुकून इथे आलेय, कधीतरी पकडली जाणार, असं मला रोज वाटायचं. गाइडना एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेलला केंब्रिजमध्ये पीएचडी करताना हेच वाटत होतं. हाकलायच्या आत काम तरी चोख करू, म्हणून ती रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा रोज निघणारा शंभरेक फूट कागद स्वतः डोळ्यांखालून घालायची. त्यातूनच १९६७ मध्ये तिला दर १.३३ सेकंदांनी येणारे स्पंद दिसले. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा, स्वतःभोवती फिरणारा तारा. (१९७४ चं नोबेल तिच्या गाइडला मिळालं, तिला नाही. हे सांगताना माझ्या गाइडनाच हसू आलं.) २०१८ मध्ये ब्रेकथ्रू पुरस्काराचे मिळालेले ३० लाख डॉलर तिने शिष्यवृत्त्यांना देऊन टाकले. धीर आला असं नाही म्हणणार, पण त्या संध्याकाळी मी माझा डेटा पुन्हा एकदा तपासला आणि एक चूक सापडली.

सोडून दिलेली

माझं वेगळं आहे, चालेल ना? मला गणित मनापासून आवडायचं. पण घरात, वर्गात सगळीकडे "बघा, मुलगी असून!" चालू असायचं. शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले तर मुलींचा विजय. तिसऱ्या सेमिस्टरला एका विषयात गेले, तेव्हा शेजारचा मुलगाही गेला होता. तो नुसता नापास झाला. माझ्यामुळे मात्र तमाम मुलींना जमत नसल्याचं सिद्ध झालं. अशा ओझ्याखाली बेरीजसुद्धा चुकते. सोडलं. आता भाषांतराची कामं करते. रात्री उशिरा भूमितीची कोडी घेऊन बसते, कुणी बघत नसतं तेव्हा. परवा एकाला अकरा दिवस लागले.