मदत हवी आहे: जुन्या गोल आऱ्याला दुसरं इंजन जोडायचंय, पुली तीच चालेल का?

आमचं गाव औसा तालुक्यात. वडील सुतारकी करायचे. गाडीची चाकं, कुळव, तिफण, सगळं बाभळीचं. त्यांनी बसवलेला गोल आरा अजून पडवीत आहे. पातं २४ इंची. लिस्टर पद्धतीच्या, दोन जड चाकांच्या डिझेल इंजनावर चालायचा. इंजनाच्या फेऱ्या मिनिटाला ६५०, त्याची पुली १४ इंची, आऱ्याच्या शाफ्टची ६ इंची, मधे सपाट पट्टा.

ते इंजन जाम झालंय. पुतण्यानं विहिरीवरचं १५०० फेऱ्यांचं इंजन आणून ठेवलंय. म्हणतो, "काका, पुली तीच बसते, पट्टा तोच. रविवारी हँडल मारू." माझ्या हिशोबानं पातं आधी दीड हजार फेऱ्या घ्यायचं, आता साडेतीन हजार घेईल. झेपेल का?

दुसरं असं की आऱ्याला ना झाकण, ना पात्यामागे पाचर. ओली बाभूळ चिरताना एकदा फळी उलटी उडून कुडात घुसलेली मी लहानपणी पाहिली आहे. वडील पात्याच्या रेषेत कधीच उभे राहत नसत, म्हणून वाचले. पोरगं तिथंच उभं राहील याची भीती वाटते.

प्रतिसाद:
रविवारी हँडल मारू देऊ नका, कळकळीनं सांगतो. २४ इंची पात्याच्या दाताचा वेग १५०० फेऱ्यांना सेकंदाला ४८ मीटर होतो, तेवढाच बरा. ३५०० ला तो ११२ वर जातो. पातं लवतं, तापतं आणि कुठं तडा असेल तर फुटतं. दोन्हीकडे सारख्या मापाच्या पुल्या लावा, फेऱ्या जुन्याच राहतील. इंजन कोणत्या बाजूनं फिरतं तेही बघा. दात तुमच्या बाजूनं खाली उतरले पाहिजेत.

फळी उडते ती चीर मागे मिटून पातं आवळल्यामुळं. त्यासाठी पोलादी पाचर पात्यामागे अर्ध्या इंचाच्या आत बसवा, पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड पण चिरेपेक्षा बारीक. वर झाकण हवंच, पट्ट्यालाही जाळी करा. शेवटचा वीतभर तुकडा हातानं नाही, काठीनं ढकला. इंजन बंद केल्यावरही पातं बराच वेळ फिरतं, लाकूड दाबून थांबवू नका. आणि आधी पात्याला रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर रॉकेल पाझरून रेघ दिसेल.

धागाकर्ता:
खडू लावला. एका दाताच्या खाचेत बोटाच्या पेराएवढी रेघ उमटली. पुतण्यानं स्वतःच पातं उतरवलं. अशी रेघ झाळून चालते का, की पातं भंगारातच द्यावं?

प्रतिसाद:
झाळू नका. भंगारातच द्या, आणि देण्याआधी कापून द्या, म्हणजे दुसरं कुणी बसवणार नाही.