जंत : मोकळेपणानं अनुभव लिहा

जंतांविषयी घरात कुजबुजतच बोललं जातं आणि लाजेपायी औषध लांबतं. म्हणून हा धागा. लहानपणचे, आत्ताचे, स्वतःचे, मुलांचे, सगळे अनुभव येऊ द्या.

– लेकीला रात्री झोप लागेना. दिवसभर हुंदडणारी पोर अंथरुणात पडली की शीच्या जागी खाजवत रडायची. शी तपासली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत बघा. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, सेंटिमीटरभर लांबीचे जंत वळवळत होते. मादी रात्री बाहेर येऊन गुदाभोवती अंडी घालते, म्हणून शीत ती क्वचितच सापडतात. खात्री करायची तर सकाळी धुण्याआधी त्या जागी चिकटपट्टी लावून ती तपासतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळीनं जंत मरतात, अंडी टिकून राहू शकतात. चादरी गरम पाण्यात धुतल्या, नखं बारीक कापली. पोरीला कुणी ‘घाणेरडी’ म्हणायचं नाही, हेही बजावलं. खाजवलेली बोटं तोंडात गेली की फेरा पुन्हा सुरू, त्यात तिचा काय दोष?

– आजी म्हणायची, गोड खाल्लं की जंत होतात. मी प्रयोगशाळेत काम करते. अंडी किंवा अळ्या शरीरात गेल्याशिवाय जंत होत नाहीत, मग गोड खा की तिखट. आणि हे दुखणं फार जुनं बरं का! १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आतड्यातही चाबूककृमीची अंडी मिळाली.

– मला जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन खाली, लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येईना. शेवटी शीत अंकुशकृमीची अंडी दिसली. याच्या अळ्या मातीतून थेट पायाच्या कातडीत शिरतात, मोठे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. जंताच्या औषधानंतर लोह अंगी लागलं. आता मातीत काम करताना बूट घालतोच.

– ओढ्याचं पाणी प्यायल्यावर माझं पोट कित्येक दिवस फुगलेलं, शी तेलकट, उग्र वासाची. निघाला जिआर्डिया. हा जंत नव्हे, एकपेशीय जीव. पहिल्या नमुन्यात दिसला नाही, वेगळ्या दिवशीच्या नमुन्यात सापडला. तेव्हा एका ‘नॉर्मल’ रिपोर्टवर थांबू नका. प्रवासात पाणी उकळूनच प्या, याच्यापुढे क्लोरीनचा भरवसा नाही.

– गरोदर बायकांनी जंताची गोळी मनानं घेऊ नये, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. मला डॉक्टरांनी चौथ्या महिन्यापर्यंत थांबवलं होतं.