सेट पेपर १ : हेत्वाभास आणि आकडेमोड, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मराठी विषयातून सेटची, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी करतेय. पेपर २ माझ्या विषयाचा, त्याची धास्ती नाही, घोडं अडतंय सगळ्यांना सारख्याच असलेल्या पेपर १ वर. ५० प्रश्न, १०० गुण, निगेटिव्ह मार्किंगही नाही. तरी कोष्टकावरून शेकडेवारी काढण्यातच वेळ जातो. अध्यापन, संशोधन हे घटक वाचून समजतात. पण भारतीय तर्कशास्त्रातले हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादात दिलेल्या कारणातले (हेतूतले) दोष? ‘शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो’ यातला हेतू असिद्ध (मुळात लागूच न होणारा) की विरुद्ध (उलटंच सिद्ध करणारा), हे पटकन ठरवताच येत नाही. मराठीतून नीट समजावणारं पुस्तक किंवा व्हिडिओ कुणी सुचवेल का? आणि कला शाखेच्या मंडळींनी गणिताचा सराव कसा केला, रोज थोडा की सलग बसून, तेही नक्की सांगा. प्राध्यापक व्हायचंय, मनापासून.