ऐन हंगामात टीमने माणसं विकली तेव्हा... (अनुभव लिहा)

निशिगंध_जर्सी

काल शेजारच्या गराज सेलमध्ये मेट्सचा (आमची न्यूयॉर्कची बेसबॉल टीम) २१ नंबरचा शर्ट हँगरवर लटकलेला दिसला. पाठीवर शर्झर, म्हणजे आमचा पिचर मॅक्स शर्झर. किंमत पाच डॉलर. ज्या माणसाला वर्षाला ४ कोटी ३३ लाख डॉलर मिळत होते त्याचा शर्ट! २०२३ चा तो उन्हाळा परत डोक्यात सुरू झाला, म्हणून हा धागा.

आदल्या वर्षी १०१ मॅचेस जिंकलो होतो. मालक कोहेन, पैशाला कमी नाही. शर्झर होताच, तेवढ्याच पगारावर वर्लँडरलाही आणला. दोघेही चाळिशीचे. तोवरची बेसबॉलमधली सगळ्यात महागडी टीम. मार्चमध्येच आमचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) डियाझ पोर्टो रिकोकडून खेळताना, जिंकल्याच्या आनंदात उड्या मारताना गुडघा घालवून बसला, तिथेच माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या की लक्षण ठीक नाही. जूनमध्ये २६ पैकी १९ हरलो.

जुलैअखेर चार-पाच दिवसांत सगळी आवराआवर. रॉबर्टसन मायामीला, शर्झर टेक्सासला, कॅन्हा मिलवॉकीला, फॅम अ‍ॅरिझोनाला, वर्लँडर परत ह्यूस्टनला. अधिक महिना चालू होता, आईबाबा इथेच होते, जावयासाठी अनारसे चालले होते. मी तुपात सोडला आणि लेक फोन घेऊन ओरडत आला, "आई, मॅक्सला दिलं!" अनारसा हसला, पोरगं रडलं.

मला विकल्याचा राग नाही. हरणाऱ्या टीमने चाळिशीचे पिचर ठेवून करायचं काय? राग याचा की उरलेल्या पगाराचा बराचसा भारही आपणच उचलला, आणि शर्झर त्याच हंगामात टेक्सासकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. समोरच्या अ‍ॅरिझोनात आमचाच फॅम! म्हणजे फायनलच्या दोन्ही डगआउटमध्ये आमची माणसं आणि आम्ही सोफ्यावर.

तुमच्या टीमने असं अर्ध्यात कुणाला विकलं, काढलं, खाली धाडलं, तेव्हा घरात काय झालं ते लिहा. शक्यतो बेसबॉल.

कुकरची_शिट्टी

रुमाल टाकून ठेवते. भात लावून येते.

शिकागोचे_काका

ताई, तुमचे बाहेरून आणलेले दोन गेले हो. आमच्या कब्जचे घरच्यासारखे गेले. रिझो, ब्रायंट, बाएझ. १०८ वर्षांनी २०१६ मध्ये जिंकलो ते यांच्या जिवावर, बाकी सांगायला नको.

२०२१. २४ जूनला लॉस एंजेलिसमध्ये आमच्या चौघा पिचरांनी मिळून नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना एकही हिट दिली नाही. मी रात्री उशिरापर्यंत जागून बघितला, बायकोला उठवून सांगितलं, तिने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवसापासून सलग ११ हरलो. अकरा! आणि २९-३० जुलैला तिघेही गेले. रिझो यँकीजना, बाएझ तुम्हाला, ब्रायंट जायंट्सना.

लेकीच्या खोलीत २०१६ च्या शेवटच्या आउटचं पोस्टर होतं. ब्रायंटने उचललेला बॉल, पाय घसरतोय तरी हसतोय, फेकला रिझोकडे. तो बॉल रिझोने मागच्या खिशात टाकला होता. पोरीने पोस्टर काढलं नाही, फक्त रिझो गेला त्या रात्री खालची ट्यूबलाइट बंद करून झोपली. एरवी अंधाराला घाबरायची. रिझो तिचा लाडका, स्वतः अठराव्या वर्षी कॅन्सरमधून उठलेला.

हिशेबाने बघाल तर हे सौदे करणारे आमचे हॉयरसाहेब बरोबर होते. बाएझच्या बदल्यात आलेला क्रो-आर्मस्ट्राँग २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला. ब्रायंटला पुढे कोलोरॅडोने सात वर्षांचे १८ कोटी २० लाख कबूल केले आणि बिचारा पाठीच्या दुखण्याने बहुतेक वेळ बाहेरच. हे सगळं मला पाठ आहे. तरी हॉयरचं नाव निघालं की मी चॅनल बदलतो.

निशिगंध_जर्सी

काका, बाएझचं काय कौतुक सांगता! आम्ही हूटिंग केलं म्हणून भर मैदानात आम्हा प्रेक्षकांनाच अंगठा खाली करून दाखवला त्याने. आला काय, दोन महिन्यांत गेला काय.

शिकागोचे_काका

आमच्याकडे असताना गुणी होता हो. तुमच्या पाण्याचा दोष.

सदाशिव_पेठी

एक बाळबोध शंका. हंगाम चालू असताना विकतात म्हणजे, त्या माणसाला विचारत नाहीत? बायकापोरं, शाळा, घर? आमच्याकडे बँकेतल्या बदलीलासुद्धा महिना देतात.

बेसबॉल_भाऊजी

@सदाशिव_पेठी, सहसा नाही विचारत. ज्याची मोठ्या लीगमध्ये १० वर्षं झालीत आणि त्यातली शेवटची ५ याच टीमकडे, तो नाही म्हणू शकतो. किंवा करारात तसं कलम घालून घेतलेलं असेल तर. शर्झरकडे ते कलम होतं, त्याने स्वतः सोडलं, कारण ऑफिसातून कळलं की आता नजर २०२५-२६ वर आहे. बाकीच्यांना मॅनेजर बोलावून घेतो, मिठी मारतो, क्लबहाउसचा पोऱ्या बॅग भरून देतो. संध्याकाळचं विमान. बायको मागाहून घर आवरते.

आणि कोवळ्या पोरांचं तर याहून वाईट. 'ऑप्शन' (खाली पाठवायची मुभा) शिल्लक असेल तर एकाच हंगामात चार-चार वेळा खालच्या लीगमध्ये पाठवतात आणि परत बोलावतात. भाड्याचं घर घ्यावं तर कुठल्या गावात?

सदाशिव_पेठी

अरेरे. धन्यवाद भाऊजी. वाचतोय.

अनघा_अ‍ॅशबर्न

शर्झर तुमचा कधीपासून? तो आमचा, वॉशिंग्टन नॅशनल्सचा. २०१९ ला आम्हाला वर्ल्ड सिरीज देऊन गेलेला. २०२१ ला तो आणि ट्रे टर्नर एकाच सौद्यात डॉजर्सना दिले, तेव्हा वाटलं याहून काय वाईट होणार.

मग २ ऑगस्ट २०२२. हुआन सोटो. २३ वर्षांचा पोर! १५ वर्षांचे ४४ कोटी नाकारले म्हणून सॅन डिएगोला. माझी धाकटी आंघोळीला जायच्या आधी बाथरूमच्या दारात सोटोसारखं पाय फाकवून, बसून, पायाने जमीन घासून, मान डोलवून माझ्याकडे रोखून बघायची आणि मगच आत जायची. त्या संध्याकाळी गुपचूप सरळ आत गेली. मला कसंतरीच झालं.

त्या वर्षी १०७ हरलो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिकिटं इतकी स्वस्त की पार्किंग महाग. आम्ही डबा घेऊन जायचो, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, पाय पसरून बसायचं, पुढच्या चार रांगा रिकाम्या. खरं सांगू, मला ते दिवस आवडले. बदल्यात आलेले एब्रम्स, गोर, वुड तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. आणि आमचा सोटो ७६.५ कोटींना तुमच्याकडे. सांभाळा.

कुकरची_शिट्टी

आले. अनघा, तिखटमिठाच्या पुऱ्या आत नेऊ देतात?? आमच्या इथल्या स्टेडियमवर माझं थालीपीठ गेटवर काढून घेतलं होतं, नाव नाही सांगत. अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गोल काय आहे म्हणे.

अनघा_अ‍ॅशबर्न

पारदर्शक झिपवाली पिशवी वापर ग, फॉइल नको. आणि अर्ध्या घडीचं ने.

मिठागर

निशिगंधताई, अनारसे हसले म्हणजे गूळ जास्त झाला. किंवा पीठ जास्त मुरलं. चमचाभर तांदळाची कोरडी पिठी मिसळून बघायची. शर्झरचा काही संबंध नाही.

बेसबॉलमधलं कळत नाही पण मुंबई इंडियन्सने हार्दिकला परत आणून रोहितच्या जागी कॅप्टन केला, ते २०२४ चं वानखेडे आठवा. आपल्याच कॅप्टनची टॉसला हुर्यो! माझे वडील ८१ चे, ते टीव्हीसमोर हात जोडून म्हणाले, "अरे त्याची काय चूक?" आणि पुढच्याच ओव्हरला त्यांनीच शिवी घातली.

बेसबॉल_भाऊजी

ते हंगामाच्या आधीचं झालं हो. पण हुर्यो तीच.

फ्रॅमिंगहॅमकर

२००४. मी नवा नवा आलेलो, बेसबॉल म्हणजे आपला आडवा क्रिकेट एवढंच ठाऊक. ऑफिसात क्यूबिकलच्या पलीकडे एक आयरिश म्हातारा, त्याने मला बोस्टन रेड सॉक्सचा नोमार शिकवला. बॅटिंगला उभं राहताना ग्लोव्हजचे पट्टे ओढायचे, डावा-उजवा-डावा, मग बुटाची टोकं आपटायची. आम्ही दोघं कॉफी मशीनसमोर तसंच करायचो.

३१ जुलैला, शनिवारी, नोमार शिकागोला. (काका, तुमच्याकडेच!) सोमवारी ऑफिसात सुतक. म्हातारा दिवसभर माझ्याशी बोलला नाही, जणू मीच सही केली होती. बदल्यात कोण, तर कॅब्रेरा आणि ज्याचं नाव मला आजही लिहिता येत नाही असा एक फर्स्ट बेसमन. त्याच दिवशी डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक पळपुटा... म्हणजे जोरात पळणारा, डॉजर्सकडून घेतला होता. त्याची कुणी दखलही घेतली नाही.

१७ ऑक्टोबरच्या रात्री सिरीजमध्ये यँकीजकडून ०-३ ने मागे, नववी इनिंग, समोर रिव्हेरा, आणि त्याच रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला. सगळ्या स्टेडियमला, रिव्हेराला, माझ्या घरमालकाला ठाऊक होतं की तो पळणार. तरी पोचला. ती मॅच, ती सिरीज, मग वर्ल्ड सिरीज, ८६ वर्षांनी. म्हातारा दुसऱ्या दिवशी रजेवर होता. परत आला तेव्हा नोमारचा मग टेबलावर तसाच, त्यात पेनं.

म्हणून मी विकलेल्यांपेक्षा गुपचूप आलेल्यांकडे लक्ष ठेवतो हल्ली.

शिकागोचे_काका

नोमार आमच्याकडे आला तेव्हा दुखणी घेऊन आला. तुमच्या पाण्याचा दोष म्हणणार होतो पण चावडर चांगलं असतं तुमच्याकडे.

फ्रीमाँटचा_बंड्या

तुम्ही सगळे रडताय की खेळाडू गेला. आमची टीमच गेली.

ओकलंड ए'ज. विकायची आम्हाला इतकी सवय की नवीन पोरगा चांगला खेळायला लागला की बाबा म्हणायचे, याचा शर्ट घेऊ नकोस. १३ जून २०२३ ला २७ हजारांवर माणसं हिरवे टी-शर्ट घालून कोलिझियमला गेलो, छातीवर एकच शब्द, 'विका'. म्हणजे खेळाडू नका विकू, मालकसाहेब, टीम विका. जिंकलोसुद्धा त्या दिवशी. उपयोग शून्य. २६ सप्टेंबर २०२४ कोलिझियमवरची शेवटची मॅच. आता सॅक्रामेंटोला खेळतात.

हंगामाच्या मधले सौदे हे सुख असतं राव, निदान पुढचा हंगाम तरी असतो.

अनघा_अ‍ॅशबर्न

बंड्या :( आमच्याकडे ये मॅचला. पुऱ्या देते.

कुकरची_शिट्टी

बंड्याला पुऱ्या आणि आम्हाला झिपची पिशवी.

सिराक्यूज_सूरज

इथे मास्टर्स केलं. मेट्सची ट्रिपल-ए (मोठ्या लीगच्या लगेच खालची) टीम इथली, एप्रिलमध्ये हुडी घालून बघायची. खाली पाठवलेला माणूस कसा दिसतो ते इथे कळतं. परवापर्यंत टीव्हीवर असलेला एक पिचर, नाव नको, बसच्या पोटातून स्वतःची बॅग ओढून काढत होता. एका पोराने सही मागितली, पेन चालेना थंडीने. याने ते तोंडाजवळ धरून फुंकर मारून गरम केलं आणि सही केली. पोरगा म्हणाला, लवकर वर जा. तो म्हणाला, तुझी आई मॅनेजरला ओळखते का?

याउलट मोठा खेळाडू दुखापतीनंतर सरावाला खाली आला की अख्ख्या टीमला जेवण घालतो, तशी रीतच आहे. त्या दिवशी पोरं खूश.

निशिगंध_जर्सी

सूरज, मस्त लिहिलंस. विल्मर फ्लोरेस आठवला बघ. २९ जुलै २०१५, मॅच चालू असताना फोनवर बातमी फुटली की त्याला मिलवॉकीला दिलं. प्रेक्षकांना ठाऊक, त्याला अर्धवट. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तर तो शॉर्टस्टॉपवर उभा राहून बाहीने डोळे पुसतोय. सोळाव्या वर्षापासून याच टीमकडे. आणि मग सौदा फिसकटला! ३१ ला त्यानेच बाराव्या इनिंगला होमरन मारून मॅच जिंकवली, शर्टवरचं 'मेट्स' पकडून ओढत घरी आला. अनघा, समोर तुम्हीच होता.

अनघा_अ‍ॅशबर्न

आठवण करून दिल्याबद्दल आभार. पुऱ्या कॅन्सल.

सदाशिव_पेठी

तो शर्ट घेतलात का मग?

निशिगंध_जर्सी

तीनला मागितला. चारला दिला.

सदाशिव_पेठी

शाब्बास. आणि ते 'डीएफए' म्हणजे काय? भाचा सारखं म्हणतो.

बेसबॉल_भाऊजी

यादीतून नाव काढतात. आठवडाभरात कुणी घेतलं तर घेतलं, नाही तर खालची लीग किंवा सुट्टा. २०२४ च्या मे अखेरीस मेट्सच्या होर्हे लोपेझने अंपायरने हाकलल्यावर ग्लोव्ह प्रेक्षकांत भिरकावला, लगेच डीएफए. त्याच आठवड्यात खालून इग्लेसियास नावाचा चौतिशीचा इनफील्डर बोलावला, जो गाणीही म्हणतो. तेव्हा टीम रसातळाला होती, ज्या वर्षाकडून कुणी काही मागितलं नव्हतं त्या वर्षी नॅशनल लीगच्या फायनलपर्यंत गेली. कोणी याला फेरबदल म्हणतं, कोणी मॅकडोनाल्डच्या जांभळ्या ग्रिमेसने पहिला बॉल टाकला त्याचा पायगुण.

निशिगंध_जर्सी

ग्रिमेसच. आमच्या घरात वाद नाही.

शिकागोचे_काका

तो ग्लोव्हवाला लोपेझ आम्ही घेतला नंतर. बरा खेळला की!

निशिगंध_जर्सी

काका, पाणी.